माळ्यावरचं वेटोळं

अनसाबाई गेल्यापासून काशाप्पाच्या घरात दोनच माणसं उरली होती, आणि दोघंही एकमेकांसाठी चहा करत होती. काशाप्पा पाच वाजता उठून चहा ठेवायचा. प्रतीक्षा सव्वापाचला उठून पुन्हा ठेवायची. मग बाप-लेक दोन-दोन कप चहा प्यायचे. नको म्हणायचं कुणाला जमत नव्हतं.

प्रतीक्षा हैदराबादला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची. आईच्या दुखण्यात रजा घेऊन निर्ण्याला आली. आई गेली, दिवस झाले, महिना झाला, तरी ती परत गेली नव्हती. तेराव्याला जमलेल्या सोयऱ्यांनी जेवता जेवता ठरवून टाकलं होतं, "आता पोरी घरी बसूनच काम करतेत म्हणं. मग बापाजवळ बसून करू दे की. कॉम्प्युटरला काय, हैदराबाद काय अन् निर्णा काय!" प्रतीक्षा लगेच म्हणाली, "राहते की." ती इतकं लगेच म्हणाली की काशाप्पाच्या जिवाला बरं वाटलं. त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर भात खाल्ला.

कंपनीनं हो म्हटलं, पण एक अट घातली. मोबाइलच्या नेटवर काम चालणार नाही, घरात वायरचं नेट पाहिजे. सोमवारी सकाळी अकरा वाजता कंपनीचा माणूस तिकडून लाईन तपासेल. पास झाली तर घरून काम, नापास झाली तर मंगळवारी हैदराबादला हजर.

काशाप्पाला यातलं एवढंच कळलं की वायर चालली तर लेक राहणार आणि नाही चालली तर जाणार. यापेक्षा जास्त कळायची त्याला गरजही नव्हती.

गावात नेट आलं होतं, पण डांबरी रस्त्यापर्यंतच. रस्त्यावरचं पहिलं घर पांडुरंगरावांचं. ते गणिताचे निवृत्त मास्तर. पुण्याला असलेल्या मुलानं, संकर्षणनं, आई-बापाचं तोंड दिसावं म्हणून त्यांच्याकडे नेटचा डबा बसवून दिला होता. काशाप्पाचं घर तिथून मागच्या अंगाला. मधे चन्नव्वाची पिठाची गिरणी आणि गिरणीला लागून तिच्या म्हशीचा गोठा.

पांडुरंगराव म्हणाले, "डब्याला एक भोक मोकळं आहे, काशाप्पा. संकर्षण आठवड्यातून एकदा बोलतो, तेही दहा मिनिटं. बाकीचा वेळ डबा नुसता चमकत बसतो. जोडून घ्या तुम्ही."

गुरुवारी हुमनाबादहून रविकुमार मोटारसायकलवर वायरचं मोठं खोकं बांधून आला. नेटची सगळी कामं तोच करायचा. त्यानं पांडुरंगरावांच्या खिडकीपासून काशाप्पाच्या टेबलापर्यंत टेप लावून मापलं आणि म्हणाला, "अडुसष्ट मीटर. काही टेन्शन न्हाई मामा. मला एका बँकेत जायचंय, तिथली लाईन पडलीय. तवर तुम्ही वायर ओढून ठेवा. लागंल तेवढी घ्या, कापा, दोन्ही टोकं मोकळी ठेवा. संध्याकाळी येऊन प्लग बसवतो."

"खोक्यात किती हाय?"

"तीनशे पाच मीटर. अख्खं खोकंच घेतलंय तुमच्या लेकीनं. सुटी वायर चांगली मिळत न्हाई."

काशाप्पाचा जन्म दाव्या-दोरांत गेला होता. मेंढरं होती तेव्हा लोकर कातण्यापासून दावं वळण्यापर्यंत सगळं तो हातानं करायचा. त्यानं वायर अशी ओढली की बघत राहावं. गिरणीच्या भिंतीला खिळे मारून, गोठ्याच्या पत्र्याखालून, लिंबाच्या फांदीला रबराचा तुकडा बांधून, कुठं ताण नाही, कुठं झोल नाही. वायर घरात आली. आता ती कापायची आणि टोक टेबलावर सोडायचं, एवढंच राहिलं होतं.

काशाप्पानं पकड हातात घेतली आणि तसाच उभा राहिला.

दहा वर्षांपूर्वी प्रतीक्षाला इंजिनिअरिंगला घालायचं म्हणून मेंढरं विकली होती. घेणारा घाईत होता. बांधलेल्या कोकरांची दावी तो विळ्यानं कापायला लागला, तेव्हा अनसाबाईनं त्याचा हात धरला होता. "दावं कापू नगंस. गाठ सोड. गाठ सोडून गेलेलं परत येतं, कापून गेलेलं येत न्हाई." मग तिनं एकेक गाठ सोडली आणि सगळी दावी स्वतःजवळ ठेवून घेतली. मेंढरं काही परत आली नाहीत. ती कुठं गेली हे नवरा-बायको दोघांनाही ठाऊक होतं. पण दावी अजून माळ्यावर खुंटीला होती आणि त्या दिवसापासून त्या घरात नवी दोरी कुणी कापली नव्हती. उरलेल्या दोरीचं वेटोळं करायचं आणि ठेवून द्यायचं.

त्यात ही वायर लेकीला घरात ठेवायला आणलेली. ती कापायची म्हणजे काय!

काशाप्पानं पकड खिशात घातली. खोक्यातली सगळी वायर बाहेर काढली, माळ्यावर नेली, तिचं बैलगाडीच्या चाकाएवढं वेटोळं केलं आणि शेवटचं टोक माळ्यावरून खाली टेबलावर सोडलं. उंदरांनी कुरतडू नये म्हणून वेटोळं अनसाबाईच्या घोंगड्यात गुंडाळलं आणि वर कोकराच्या पायाला मारतात तशी धनगरी गाठ मारली. ती गाठ ओढल्यावर घट्ट होते. ती सोडायला माहीतगार माणूस लागतो.

संध्याकाळी रविकुमारनं दोन्ही टोकांना प्लग बसवले.

"उरलेली वायर कुठाय मामा?"

"माळ्यावर ठेवली."

"राहू द्या, कामाला येते," असं म्हणून त्यानं वायर तपासायचं छोटं यंत्र लावलं. त्यावर एकामागून एक आठ हिरवे दिवे लागले. "बघा! कुठं तुटलेली न्हाई. एक नंबर वायर ओढलीय तुम्ही. आमच्याकडं कामाला या."

काशाप्पा हसला. अनसाबाई गेल्यावर तो पहिल्यांदा हसला तो तेव्हा.

मग प्रतीक्षानं वायर कॉम्प्युटरला लावली. कॉम्प्युटरवरचा नेटचा दिवा लागला, विझला, लागला, पुन्हा विझला. हैदराबादची तिची मैत्रीण पडद्यावर आली, "हाय" म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि ते तोंड तसंच उघडं राहिलं. पाच मिनिटं ते उघडंच होतं.

"दात चांगले हायत पोरीचे," काशाप्पा म्हणाला.

शुक्रवारी रविकुमारनं प्लग तीन वेळा कापून नवे बसवले. यंत्रावर दर वेळी आठच्या आठ दिवे लागले आणि कॉम्प्युटरवर दर वेळी तोंडं उघडी राहिली. त्याच दुपारी प्रतीक्षा तुरीचा डबा काढायला माळ्यावर चढली. बराच वेळ उतरली नाही. उतरली तेव्हा डोळे लाल होते.

"धूळ हाय लई," ती म्हणाली.

काशाप्पानं मान हलवली. माळ्यावर आईचं घोंगडं होतं हे त्याच्या ध्यानात आलं.

शनिवारी सकाळी रविकुमार वायरच्या बाजूबाजूनं चालत गेला आणि गिरणीच्या भिंतीपाशी थांबला. आत मोटर घरघरत होती. त्यानं कपाळावर हात मारला.

"मामा, हीच हाय चोर! एवढी मोठी मोटर, अन् आपली वायर भिंतीला चिकटून. मोटरचा गोंधळ वायरमधी शिरायलाय."

काशाप्पा चन्नव्वाकडे गेला. ती पिठानं पांढरी झालेली, कमरेला पदर खोचून उभी होती.

"अक्का, सोमवारपस्तोर गिरणी बंद ठिवायला जमंल का?"

"काय रं काशाप्पा, मी दळण बंद करते, तू गावाला काय नेट खायला घालणार हायस?"

"लेकीचा प्रश्न हाय, अक्का."

चन्नव्वानं पदराला हात पुसले. अनसाबाई आणि ती एकाच वर्षी या गावात लग्न होऊन आल्या होत्या. तिनं बटण दाबलं. मोटर थांबल्यावर गल्ली एवढी शांत झाली की पांडुरंगराव बाहेर येऊन विचारू लागले, "कोण गेलं?"

गिरणी बंद झाली, तरी दिवा लागतच होता आणि विझतच होता.

"मामा, काय बोलावं!" रविकुमार वैतागला. मग त्याचं लक्ष म्हशीकडे गेलं. म्हैस गोठ्याच्या खांबाला अंग घासत होती, खांब हलत होता, आणि खांबाबरोबर पत्र्याखालची वायरही. "ही बघा! दिवसभर वायर हलवायली ही. प्लग ढिले न्हाई पडणार तर काय हुईल?"

रविवारी म्हैस काशाप्पाच्या चिंचेखाली बांधली. ती जन्मात त्या गोठ्याबाहेर राहिली नव्हती. सकाळची धार दिली नाही, संध्याकाळची दिली नाही. नुसती गोठ्याकडे तोंड करून उभी राहिली. चन्नव्वा रिकामी चरवी घेऊन आली आणि काशाप्पासमोर तिनं ती उलटी करून दाखवली.

"दळण न्हाई, दूध न्हाई. आता काय राहिलं रं? चूल पण इझवू का?"

प्रतीक्षा दारातच उभी होती. "राहू द्या ना अप्पा. न्हाई जमत तर न्हाई जमत. लोकांना कामून तरास द्यायलाव?"

"तू गप बस. तुला काय कळतंय त्यातलं," काशाप्पा म्हणाला. हे तो कॉम्प्युटर इंजिनिअरला म्हणत होता, पण त्या वेळी कुणाच्या ते ध्यानात आलं नाही.

"अन् तू गं," चन्नव्वा प्रतीक्षाकडे वळली, "रोज सकाळी ते नाडीचे बूट घालून कुठं पळायलीस? मागं कोण लागलंय का?"

"व्यायाम हाय, अक्का."

"कसला व्यायाम? मी बघते की. रस्त्यापस्तोर पळतीस, हैदराबादची बस जाईपस्तोर उभी राहतीस, अन् चालत माघारी येतीस."

प्रतीक्षा आत भाकरी करायला गेली. तिची भाकरी कधी गोल झाली नाही. तिला एका बाजूनं शेपूट यायचं. काशाप्पा ती शेपटाकडून खायला सुरुवात करायचा आणि म्हणायचा, "आईसारखी झाली." तिला हे खोटं आहे हे कळायचं आणि तिला कळतंय हे त्यालाही कळायचं.

म्हैस हलवल्यावर रविकुमारचा संशय पांडुरंगरावांच्या इन्व्हर्टरवर गेला, कारण नेटचा डबा त्यालाच टेकून होता. इन्व्हर्टर काढला. मग टीव्हीवर गेला, कारण त्याची वायर आपल्या वायरवरून जात होती. टीव्हीही काढला. पांडुरंगरावांच्या पत्नी सुमतीबाई मालिका बघता बघता उठल्या. मालिकेत एक सून तीन महिने बेशुद्ध होती आणि ती त्याच दिवशी डोळे उघडणार होती.

"प्रतीक्षाचं काम आहे म्हणून, हं," त्या काशाप्पाला म्हणाल्या. "दुसरं कुणी असतं तर मी सुनेला सोडून उठले नसते."

पांडुरंगराव आरामखुर्चीत बसून सगळं ऐकत होते. नाकावरचा नवा चष्मा काढून त्यांनी पुसला आणि पुन्हा लावला.

सोमवार उजाडला तेव्हा गल्लीत पीठ नव्हतं, दूध नव्हतं, टीव्ही नव्हता आणि चिंचेखाली म्हैस हंबरत होती. दहा वाजता सगळे काशाप्पाच्या अंगणात जमले. त्यांना आता नेटशी काही देणंघेणं नव्हतं. हे एकदाचं चालू व्हावं किंवा एकदाचं बंद पडावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. रविकुमारनं दिवा बघितला. लागला, विझला.

तो पायरीवर बसला. चार दिवसांत त्याची दाढी वाढली होती. "मामा, मी सात वर्ष हे काम करायलोय. असं कधी बघितलं न्हाई. वायर चांगली, प्लग चांगला, डबा चांगला. कुणाची नजर लागली का काय."

काशाप्पा त्याच्याशेजारी बसला. त्यानं तंबाखूची पुडी काढली, लेकीनं नको म्हटल्याचं आठवून ती परत ठेवली. "मला एक सांग रवी. त्या वायरमधून जातं तरी काय?"

"हाक जाते म्हणा. तुम्ही मेंढरं राखलीत न्हवं? ह्या माळावरून त्या माळावर हाक मारली तर काय हुतं?"

"जवळ असला तर ऐकतो. लांब असला की हाक बारीक हुते."

"तसंच. वायर लांबली की हाक बारीक हुती. अन् दुसरं म्हणजे उशीर हुतो. ह्या टोकानं हाक मारली, त्या टोकानं ओ द्यायची. ओ ठरल्या वेळात आली न्हाई की ह्याला वाटतं, ऐकूच गेलं न्हाई. मग हे पुन्हा हाक मारतं. पूर्वीच्या मशिनीत तर लईच गंमत. तिकडून ओ यायली, हिकडून हाक जायली, दोन्हीची मधीच टक्कर. मग दोघं गप बसायचे, जरा थांबायचे अन् पुन्हा बोलायचे."

"मग किती लांब चालतं?"

"शंभर मीटर. त्याच्या पुढं गॅरंटी न्हाई. हे आठ दिवे वायर तुटलीय का एवढंच सांगतात, किती लांब हाय ते न्हाई सांगत. पण आपली तर अडुसष्टच हाय."

काशाप्पानं जरा वेळानं विचारलं, "अन् वेटोळं असलं तर? वेटोळ्यातली वायर धरायची का?"

रविकुमार हसला. "वेटोळं करा, सरळ करा, हाकंला सगळी वायर चालूनच जावं लागतं मामा. पण आपल्याकडं कुठं वेटोळं हाय?"

काशाप्पा उठला. "आलो," म्हणाला आणि घरात गेला.

शिडी चढताना त्याच्या डोक्यात हिशेब चालला होता. तीन दिवस गिरणी बंद पाडली, म्हैस आटवली, सुमतीबाईंची सून बेशुद्ध ठेवली, आणि सगळा घोळ आपल्याच माळ्यावर! खिशात पकड होती. साडेदहा वाजले होते. एका जागी कापायची, टोक रविकुमारच्या हातात द्यायचं, दहा मिनिटांचं काम. अनसाची त्यानं मनातल्या मनात माफी मागितली. "तुझं खरं हाय. पण हितं कापली तरच राहती बघ. न कापली तर जाती. उलटं हाय हे."

माळ्यावर अंधारात घोंगडं होतं तिथंच होतं. त्यानं गाठ सोडायला बोटं घातली आणि बोटं थांबली.

गाठ त्याची नव्हती.

त्यानं खिडकीची फळी सरकवली आणि उजेडात बघितलं. धनगरी गाठ सोडून कुणीतरी दुसरी मारली होती. दोन बाजूंना दोन फुलं काढलेली, एक टोक ओढलं की सुटेल अशी. बुटाच्या नाडीची गाठ. त्या घरात नाडीचे बूट एकच माणूस घालत होतं.

काशाप्पा दाव्यांच्या खुंटीखाली बसला.

शुक्रवारी ती डबा काढायला चढली होती. तिनं घोंगडं सोडून बघितलं होतं. कॉम्प्युटरची इंजिनिअर ती, एका नजरेत तिला कळलं असणार. आणि तिनं ते परत गुंडाळून ठेवलं. शुक्रवार, शनिवार, रविवार. गिरणी बंद झाली तेव्हा ती गप्प होती. म्हैस हलवली तेव्हा म्हणाली, राहू द्या. आता तिचं ते "राहू द्या" त्याला पुन्हा ऐकू यायला लागलं. रस्त्यावर उभं राहून बस बघणं आठवलं. तेराव्याला ती "राहते की" म्हणाली होती, ते लगेच का म्हणाली हेही आता कळलं. जरा थांबली असती तर म्हणता आलं नसतं.

खालून चन्नव्वाची हाक आली, "काशाप्पा, माळ्यावर काय झोपलास का रं? माझी म्हैस मरायली हिकडं!"

काशाप्पानं गाठीला हात लावला नाही. फळी सरकवली, पकड खिशात आहे याची खात्री केली आणि शिडी उतरला. खाली प्रतीक्षा उभी होती. तिनं त्याच्या हातांकडे बघितलं. हात रिकामे होते.

"काय बघायला गेला होता अप्पा?"

"उंदीर."

"हायत का?"

"न्हाईत. सगळं जिथल्या तिथं हाय."

अकरा वाजता कंपनीचा माणूस पडद्यावर आला, "गुड मॉर्निंग" म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. अकरा वाजून चार मिनिटांनी प्रतीक्षाच्या मोबाइलवर निरोप आला. लाईन नापास.

अंगणात निरोप पोचला. मग चन्नव्वा म्हणाली, "अरारा, पोरीचं नशीब," आणि हे म्हणता म्हणताच तिनं म्हशीचं दावं सोडलं होतं. पाच मिनिटांत गिरणी घरघरायला लागली. म्हैस गोठ्यात पोचल्या पोचल्या खांबाला अंग घासायला लागली. सुमतीबाईंचा टीव्ही लागला. बेशुद्ध सून रविवारीच डोळे उघडून पुन्हा बेशुद्ध पडली होती. गल्ली सगळी आनंदात होती.

रविकुमार मान खाली घालून सामान भरत होता. "मामा, माफ करा. माझ्याच्यानं झालं न्हाई."

"तुझी काही चूक न्हाई," काशाप्पानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुझं काम एक नंबर हाय. कुणी विचारलं तर मी सांगीन."

रविकुमारला हे लागलं. कामात फसलेल्या माणसाला इतकं चांगलं कुणी म्हटलं की त्याला त्यात टोमणाच दिसतो. तो सामान उचलून गेला.

घरात दोघंच उरली. प्रतीक्षा टेबलाशी उभी राहून वायरचं टोक बोटांत फिरवत होती.

"आता अप्पा?"

"आता काय? जा की. कंपनी थांबती व्हय कुणासाठी?"

"तुमचं कसं हुईल?"

"माझं काय व्हायचंय. चन्नव्वा हाय, गुरुजी हायत. म्हैस हाय. भाकरी मला येते."

"गोल येते," ती म्हणाली आणि रडायला लागली. काशाप्पानं तिला रडू दिलं. बॅग भरायला तिला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बरीचशी भरलेलीच होती. काशाप्पा तेवढा वेळ पाठ करून खिडकीतून लिंबाकडे बघत राहिला.

दुपारच्या बसला तो रस्त्यापर्यंत सोडायला गेला. बस दिसली तशी ती म्हणाली, "अप्पा, ती वायर..."

"राहू दे तशीच. मी ती कापत न्हाई. गाठ बी चांगली मारलेली हाय."

प्रतीक्षानं त्याच्याकडे बघितलं. मग ती खाली वाकली आणि बुटाची नाडी बांधायला लागली. नाडी सुटलेली नव्हती. बस येऊन थांबली, कंडक्टरनं दोन वेळा शिट्टी मारली, तरी ती वाकलेलीच होती. शेवटी काशाप्पानंच तिचा दंड धरून उठवलं आणि बसमध्ये चढवलं.

परत येताना पांडुरंगराव फाटकात उभे होते. "गेली?"

"गेली."

पांडुरंगरावांनी आत कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. "काशाप्पा, त्या वायरवर दर मीटरला आकडा छापलेला असतो. माझ्या खिडकीतल्या टोकाला तीन आहे. तुमच्या टेबलावरच्या टोकाला तीनशे दोन. शुक्रवारी तुमच्याकडे बघायला आलो तेव्हा तो वाचला, घरी जाऊन हा. चष्मा नवा आहे."

काशाप्पा बघतच राहिला. "मग बोलला न्हाई, गुरुजी?"

"बोलणारच होतो. तुमच्याकडे परत निघालो होतो. वाटेत तुमची लेक भेटली. ती म्हणाली, सर, वजाबाकी करू नका." ते जरा थांबले. "चाळीस वर्षं मुलांना वजाबाकी करा म्हणून सांगितलं. नको म्हणणारी पहिलीच."

काशाप्पानं मागं वळून रिकाम्या रस्त्याकडे बघितलं.

"आमचा संकर्षण गेला तेव्हा मी त्याला महिनाभर काही ना काही काढून थांबवत होतो. कधी पोटात दुखतं, कधी गुडघा. थांबला बिचारा. आता आठवड्यातून दहा मिनिटं बोलतो. तुम्ही मात्र..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि आवाज खाली आणला. "ते टीव्हीचं घरात सांगू नका. सुमतीला कळलं की मला तीन दिवस माहीत होतं, तर तुमच्या घरी दुसरी खोली रिकामी आहे का विचारायला येईन मी."

रात्री काशाप्पानं एकट्यापुरती भाकरी केली. ती गोल झाली. ती त्याला गेली नाही.

सकाळी पाच वाजता तो उठला, चहा केला, प्यायला आणि कप विसळून पालथा घातला. सव्वापाचला मोबाइल वाजला.

"अप्पा, उठला का?"

"उठलो. पोचलीस का नीट?"

त्याचं बोलणं तिकडे पोचेपर्यंत तिनं पुन्हा विचारलं, "उठला का?" त्यानं पुन्हा "उठलो" म्हटलं, तेव्हाच तिकडून "पोचले" आलं. मग दोघंही एकदम बोलली, आणि दोघंही एकदम गप्प झाली. काशाप्पाला रविकुमारचं आठवलं. जरा थांबायचं. तो थांबला. तीही थांबली असावी. गिरणी अजून सुरू झाली नव्हती, त्यामुळे तिकडचं काहीतरी उकळताना ऐकू येत होतं.

"चहा ठेवलाय मी," ती म्हणाली. "तुम्ही घेतला का?"

काशाप्पानं पालथ्या कपाकडे बघितलं.

"न्हाई आणखी," तो म्हणाला, आणि मोबाइल कानाला तसाच धरून त्यानं चुलीवर पुन्हा आधण ठेवलं.